रिचार्जची वही : मोबाईल कंपनीशी होणारा करार आणि आपले हक्क

अमळनेरला मी बारा वर्षं मोबाईलचं दुकान चालवलं. सिम विकली, रिचार्ज मारले, आणि आठवडे बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेल्या माणसांच्या तक्रारी ऐकल्या. डोक्याला रुमाल गुंडाळलेला एखादा म्हातारा बाबा काउंटरवर साधा बटणांचा फोन ठेवायचा आणि विचारायचा, "भाऊ, मना पैसा कथा गयात?" बहुतेक वेळा पैसे कुठे गेले ते सापडायचं. पण परत मिळवायची मुदत तोवर निघून गेलेली असायची.

त्या बारा वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली. मोबाईलच्या ग्राहकाला नियमांनी दिलेले हक्क पुष्कळ आहेत आणि ते चांगले आहेत, पण जवळपास प्रत्येक हक्काला मुदत आहे. कुठे २४ तास, कुठे ७ दिवस, कुठे ३०, कुठे ९०. माणूस खरा असूनही हरतो, कारण तारीख त्याच्याकडे लिहिलेली नसते. म्हणून पहिलं सिम घेणाऱ्या पोरांना, मुलाने फोन हातात दिलेल्या आईवडिलांना आणि कामासाठी नव्या गावी आलेल्यांना मी आधी एक वही घ्यायला सांगतो. दुधाची, किराण्याची वही घरात असतेच, तशीच ही. तिच्यात दोनच गोष्टी लिहायच्या: रिचार्ज कधी, कितीचा आणि किती दिवसांचा केला, आणि कंपनीशी बोललात तर कोणत्या तारखेला, काय बोलणं झालं आणि तक्रार क्रमांक काय मिळाला. पुढची प्रत्येक पायरी याच वहीवर उभी आहे.

पायरी १ : सिम घेताना

शेत घेताना आपण सातबारा बघतो, साठेखत वाचून घेतो. सिम घेताना कसला कागद समोर येत नाही, म्हणून करार होतो आहे हेच लक्षात येत नाही. पण तुम्ही यंत्रावर अंगठा ठेवता, दुकानदार तुमचा फोटो काढतो, फोनवर आलेला ओटीपी तुम्ही सांगता, तेव्हा करार झालेला असतो. ग्राहक अर्जात भरलेली माहिती, तुम्ही निवडलेल्या प्लॅनचा तपशील आणि कंपनीची ग्राहक सनद हे त्या कराराचे भाग. ही सनद कंपनीच्या वेबसाईटवर असते. तक्रार कुठे करायची, किती दिवसांत उत्तर मिळायला हवं, अपील कुणाकडे करायचं, हे सगळं तिच्यात असतं. एकदा वाचा आणि महत्त्वाचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या.

अर्जातला पत्ता नीट भरून घ्या, जिल्ह्यासकट. हे मी का सांगतोय ते पाचव्या पायरीत कळेल.

अंगठ्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्याच धंद्यात मी हे पाहिलं आहे. "अंगठा लागला नाही, परत ठेवा" असं म्हणून काही ठिकाणी त्याच माणसाच्या नावावर दुसरं सिम काढलं जातं आणि ते भलत्याच माणसाच्या हातात जातं. अंगठा खरोखरच दुसऱ्यांदा लावावा लागतो, विशेषतः शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसांचा. तेव्हा नकार देण्याचं कारण नाही, पण घरी आल्यावर तपासणी जरूर करा. दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये संचार साथी नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं आणि जो नंबर आपला नाही त्याची तिथेच तक्रार करता येते. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात. त्याहून जास्त निघाली तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात पहिल्या वेळेला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा गावातल्या ओळखीच्या माणसालाही आपल्या आधारवर सिम काढून देऊ नका. त्या सिमवरून कुणाची फसवणूक झाली तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील.

कंपनी निवडण्याआधी आपल्या घरी आणि शेतात रेंज आहे का ते पाहा. धुळ्यात किंवा जळगाव शहरात कोणतंही सिम चालेल, पण धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडे किंवा यावल-रावेरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला एक टेकडी आड आली की फोन नुसता खेळणं होतो. कंपन्यांनी आपल्या टूजी, फोरजी, फाईव्हजी सेवेचे नकाशे वेबसाईटवर ठेवावेत असा आता नियम आहे. ते नकाशे उघडा. आणि शेजारच्या शेतातल्या माणसाकडे कोणतं सिम आहे तेही विचारा, नकाशापेक्षा त्याचं उत्तर जास्त कामाचं असतं.

पायरी २ : पॅक वाचताना

दुकानात सगळ्यात जास्त फसगत 'महिना' या शब्दाने व्हायची. ग्राहक म्हणायचा महिन्याचं मार, आणि पॅक असायचं २८ दिवसांचं. वर्षाला ३६५ दिवस धरले तर असे बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने किमान एक पॅक पूर्ण ३० दिवसांचं आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारं ठेवलंच पाहिजे. ही पॅक्स दुकानाच्या फलकावर क्वचितच दिसतात. नाव घेऊन मागावी लागतात. ज्याचा पगार एक तारखेला होतो त्याच्यासाठी त्याच तारखेचं पॅक फार सोयीचं.

दुसरी गोष्ट साध्या फोनवाल्यांची. घरातल्या आजीला इंटरनेट लागत नाही, तरी वर्षानुवर्षं तिच्या पॅकमध्ये डेटाचे पैसे जात होते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेलं पॅक ठेवणं सक्तीचं केलं, आणि अशा खास पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. अख्ख्या वर्षाची काळजी एका रिचार्जमध्ये मिटू शकते. दुकानदार हे पॅक स्वतःहून सुचवेलच असं नाही. तुम्ही विचारा. सगळ्या कंपन्यांचे दर शेजारी शेजारी पाहायचे असतील तर ट्रायचं टॅरिफ पोर्टल आहे.

दर कधी वाढवता येतात? जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी भाव वाढवले तेव्हा दुकानासमोर नुसती गर्दी होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण भरलेल्या पैशांवरही वाढ लागणार. तसं होत नाही. लांब मुदतीचे पैसे आगाऊ घेतले असतील तर त्या मुदतीत कंपनीला दर वाढवता येत नाहीत. पोस्टपेड प्लॅन घेतल्यापासून पहिले सहा महिने त्याचे दर वाढवायला मनाई आहे. पुढचं रिचार्ज मात्र नव्या भावाने.

पायरी ३ : पैसे कापले गेले तर

इथे घड्याळ सगळ्यात जोरात पळतं.

माझ्या स्वतःच्या वडिलांच्या नंबरवर एकदा भजनांची कॉलर ट्यून लागली. त्यांनी काही मागितलं नव्हतं. फोन आला, पलीकडून आवाज म्हणाला एक दाबा, त्यांनी दाबलं. पुढे दर महिन्याला बॅलन्स कमी व्हायचा आणि ते मला म्हणायचे, तुझं दुकान असून माझे पैसे जातात. मी पाहिलं तोवर चार महिने उलटून गेले होते. कंपनीने सेवा बंद केली, पैसे दिले नाहीत. मला दोन्ही बाजू माहीत असूनही मी उशिरा पाहिलं, याची बोच आजही आहे.

कॉलर ट्यून, क्रिकेटचे निकाल, ज्योतिष, विनोद असल्या सेवा सुरू करण्यासाठी कंपनीने ग्राहकाची दोनदा संमती घ्यायला हवी: एकदा मागणी, मग वेगळ्या संदेशाने खात्री. तरीही लागली तर १५५२२३ हा नंबर डायल करा. सगळ्या कंपन्यांसाठी हाच आहे आणि फोन फुकट लागतो. तिथून ती सेवा बंद करता येते. सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत कळवलंत तर कापलेले पैसे परत मिळायला हवेत. म्हणून "आपल्या नंबरवर अमुक सेवा सुरू झाली आहे" असा संदेश आला की त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या. इंग्रजीत आहे म्हणून सोडून देऊ नका.

इंटरनेट नको असताना चालू होऊन बॅलन्स जात असेल तर १९२५ वर फोन किंवा एसएमएस करून डेटा बंद करता येतो. डेटाच्या पॅकपैकी ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के वापर झाला की कंपनीने संदेश पाठवायचा असतो. तो येत नसेल तर तीही तक्रारच आहे.

आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा हक्क: प्रीपेडवाल्यालाही आपल्या नंबरचा कॉलवार, पैशावार हिशेब मागता येतो. मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा. कंपनी त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही आणि ३० दिवसांत द्यावा लागतो. पैसे कथा गयात याचं लेखी उत्तर तेच. वाद पुढे न्यायचा असेल तर हा कागद आधी मागवा.

जाहिरातींच्या फोनबद्दल थोडक्यात: १९०९ वर फोन करून किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर नको असलेले प्रकार बंद करा. तरीही आले तर त्याच मार्गाने तक्रार करा. तक्रारीची मुदत पूर्वी तीन दिवस होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती ७ दिवस झाली. बँकेचं नाव सांगून पैसे मागणारा फोन मात्र जाहिरात नव्हे, तो गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा.

पायरी ४ : नंबर जिवंत ठेवताना आणि बदलताना

आपल्याकडून पुष्कळ माणसं बाहेर जातात. नंदुरबार-नवापूरकडची सुरतेला आणि बारडोलीला, चाळीसगाव-पारोळ्याकडची ऊसतोडीला. तिकडे गेल्यावर दुसरं सिम घेतात आणि गावचं सिम पेटीत पडतं. त्याच सिमवर बँकेचं खातं, पीकविमा, आधार सगळं जोडलेलं असतं. परत येतात अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि नंबर बंद.

नियम असा आहे: प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही, म्हणजे कॉल, एसएमएस, डेटा काहीच झालं नाही, तरच कंपनीला तो न वापरल्याच्या कारणाने बंद करता येतो. ९० दिवस झाले पण खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत आणखी ३० दिवस वाढते. बंद झाल्यावरही १५ दिवसांत परत सुरू करण्याची संधी असते. तेव्हा बाहेरगावी जाताना मुख्य बॅलन्समध्ये थोडे पैसे ठेवा आणि वहीत ९० दिवसांनंतरची तारीख लिहून ठेवा. नंबर कायमचा सोडायचाच असेल तर आधी बँकेतून तो काढून घ्या. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर.

कंपनी बदलायची तर नंबर तोच राहतो. देशभर ही सोय जानेवारी २०११ पासून आहे, आणि जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेलं तरी. महाराष्ट्रातला नंबर गुजरातच्या सर्कलमध्ये, म्हणजे तिथल्या सेवाक्षेत्रात, नेता येतो, त्यामुळे सुरतेत स्थिरावलेल्या माणसाने जुना नंबर टाकून देण्याची गरज नाही.

कृती सोपी आहे. इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट' लिहा, एक जागा सोडा, आपला दहा अंकी नंबर लिहा आणि १९०० वर एसएमएस करा. आठ अक्षरांचा एक कोड येतो. तो आपल्याकडे ४ दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. नंबर बदलून व्हायला त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. अटी अशा: त्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं, आणि जुलै २०२४ पासून नवा नियम असा की सिम बदलून घेतलं असेल तर पुढचे ७ दिवस कोड मिळत नाही. हा शेवटचा नियम काहींना त्रासाचा वाटतो, पण चोरून दुसरं सिम काढून नंबर पळवणाऱ्यांना त्याने आळा बसतो, म्हणून तो मला मान्य आहे. विचार बदलला तर अर्ज केल्यापासून २४ तासांत १९०० वरच एसएमएस करून रद्द करता येतं.

पोर्टची मागणी केली की जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात, स्वस्त योजना सांगितल्या जातात. ऐकायला हरकत नाही. पण त्या योजना एसएमएसवर लेखी मागा. न आल्यास नव्या दुकानाकडे चालू लागा.

पायरी ५ : रेंज गेली तर

१ ऑक्टोबर २०२४ पासून सेवेच्या दर्जाचे नवे नियम लागू झाले. त्यात पहिल्यांदा जिल्हा हे माप आलं. एखाद्या जिल्ह्यात कंपनीची सेवा २४ तासांहून जास्त काळ ठप्प राहिली तर त्या जिल्ह्यात नोंदलेल्या पोस्टपेड ग्राहकांना तेवढ्या दिवसांचं भाडं पुढच्या बिलात वजा मिळतं, आणि प्रीपेड ग्राहकांच्या पॅकची मुदत तेवढे दिवस वाढते. एका तारखेला १२ तासांहून जास्त बंद राहिली तर तो पूर्ण दिवस धरतात. नैसर्गिक आपत्तीत मात्र ही सवलत मिळत नाही.

पत्त्याचं म्हणत होतो ते यासाठी. धुळ्यात राहता आणि सिम जुन्या पत्त्यावर दुसऱ्या जिल्ह्यात नोंदलेलं आहे, तर धुळ्यातली सेवा दोन दिवस बंद राहिली तरी तुमच्या वाट्याला काही येणार नाही. पत्ता बदलला की कंपनीकडे बदलून घ्या.

हेही स्पष्ट सांगतो की गावातला एकच टॉवर बंद पडला तर या नियमात भरपाई बसत नाही. तो जिल्हाभराचा खंड धरला जात नाही. तिथे पुढची पायरीच लागते, आणि गावातल्या दहा-वीस जणांनी वेगवेगळ्या नंबरवरून तक्रार नोंदवली तर काम लवकर हलतं. ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं तर अजून बरं.

पायरी ६ : तक्रार, तिच्या क्रमाने

दुकानात येऊन माणसं माझ्यावर ओरडायची. दुकानदारावर ओरडून तक्रार नोंदत नाही. माहितीच्या नंबरवर तासभर बोलूनही नोंदत नाही. तक्रारीचा नंबर १९८ आहे, आपल्याच सिमवरून लावायचा, फुकट आहे. बोलणाऱ्या माणसाला स्पष्ट सांगा: "माझी तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक द्या." क्रमांक एसएमएसवरही येतो. तो आला नाही तर तुमचा फोन नुसती चौकशी म्हणून धरला गेला आहे असं समजा आणि परत लावा. बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे लागू शकतात, सेवा बंद पडल्याची तक्रार त्याहून लवकर सुटायला हवी. निकाल काय लागला हेही कंपनीने कळवायचं असतं.

उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर कंपनीच्याच अपीलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करायचं. मुदत ३० दिवस. शुल्क नाही. पत्राने, ईमेलने किंवा समक्ष देता येतं, आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हायला हवा. प्रत्येक कंपनीच्या तक्रार केंद्राचा आणि अपीलीय प्राधिकाऱ्याचा पत्ता ट्रायच्या टीसीसीएमएस पोर्टलवर मिळतो. अपिलात काय लिहायचं हा प्रश्न लोकांना अडवतो. मी दुकानात या चार ओळी लिहून चिकटवल्या होत्या:

"माझा मोबाईल क्रमांक ........ आहे. दिनांक ..... रोजी माझ्या खात्यातून रुपये ..... मी न मागितलेल्या ..... या सेवेसाठी कापले गेले. मी दिनांक ..... रोजी तक्रार केली, तिचा क्रमांक ........ आहे. मला मिळालेलं उत्तर मान्य नाही, कारण ......... रक्कम परत करावी आणि केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी."

एवढं पुरतं. रागाचे शब्द, शेजाऱ्याची हकीकत, कंपनी किती वाईट आहे, हे घालू नका. तारीख, रक्कम, क्रमांक, मागणी.

ट्रायला पत्र लिहू का, असं अनेकजण विचारतात. ट्राय नियम करते, एकेकट्या ग्राहकाचे वाद सोडवत नाही. दूरसंचारातले वाद ऐकणाऱ्या दिल्लीच्या टीडीसॅट न्यायाधिकरणाकडेही एकट्या ग्राहकाला आपली तक्रार घेऊन जाता येत नाही. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ लावा. मराठीत बोलता येतं, आणि तिथून कंपनीला विचारणा जाते. बऱ्याच छोट्या रकमा इथेच सुटतात.

नाहीच सुटलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत आहे. इथे एक जुना गैरसमज अजून फिरतो की टेलिफोनची केस ग्राहक न्यायालयात चालत नाही. तो निराधार नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचा आधार घेऊन तसं म्हटलं होतं, आणि पुढे कित्येक वर्षं कंपन्यांचे वकील तोच निकाल पुढे करत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात स्पष्ट केलं की मोबाईल ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येतं. कुणी जुना निकाल दाखवून परत पाठवू लागलं तर ही तारीख सांगा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी मुंबईला जावं लागत नाही, आणि सुरतेत काम करणाऱ्याला तिथेही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, स्वतः बोलता येतं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. आधी अपील केलं म्हणून हा रस्ता बंद होत नाही.

सोबत जोडायचं: रिचार्जच्या पावत्या किंवा ॲपमधली नोंद, कंपनीचे एसएमएस छापून, ५० रुपयांत मागवलेला हिशेब, अपिलाची प्रत, आणि वहीतल्या त्या पानांची झेरॉक्स. मुदत दोन वर्षं, पैसे कापले गेले किंवा सेवा अडली त्या दिवसापासून. फोन बदलला की जुने एसएमएस जातात, त्यामुळे वाद सुरू झाल्याच्या दिवशीच त्यांचे स्क्रीनशॉट काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. वहीही किमान दोन वर्षं रद्दीत जाऊ देऊ नका.